गोंदिया ते देवरी : पासष्ट किलोमीटरांचा हिशेब



गोंदिया जिल्हा बाहेरच्या वाचकांना माहीत असतो तो तांदूळ, विडी आणि हावडा-मुंबई मार्गावरील मोठे रेल्वे जंक्शन यांमुळे. अलीकडे नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्पामुळे पर्यटकही येऊ लागले आहेत. १ मे १९९९ रोजी भंडारा जिल्ह्यातून वेगळा झालेला हा आमचा जिल्हा महाराष्ट्राच्या पूर्व टोकाला आहे. उत्तरेला मध्य प्रदेशातील बालाघाट, पूर्वेला छत्तीसगड. त्यामुळे आमच्या बाजारपेठेत एमएच-३५ च्या जोडीने एमपी-५० आणि सीजी-०८ क्रमांकाची वाहने रोज दिसतात. या लेखात त्या क्रमांकांचाही संबंध येणार आहे. लेखाचा विषय मात्र एक रस्ता आणि त्या रस्त्यासाठी आमच्या कुटुंबाने घेतलेली एक जुनी गाडी, एवढाच आहे.

माझी सूनबाई दोन वर्षांपूर्वी देवरी येथील एका कनिष्ठ महाविद्यालयात वाणिज्य विषयाची शिक्षिका म्हणून रुजू झाली. गोंदियाहून आमगाव सुमारे पंचवीस किलोमीटर, आमगावहून देवरी सुमारे चाळीस. जाऊन-येऊन रोजचे एकशे तीस किलोमीटर. आमगावपर्यंत रेल्वे आहे, देवरीला नाही. पहिली दोन वर्षे तिने एसटी, रेल्वे आणि मिळेल ते वाहन यांवर काढली. सकाळी सातला निघायचे आणि सायंकाळी साडेसात-आठला परतायचे. मुख्य मार्गावर कोळशाच्या मालगाड्यांना वाट देत पॅसेंजर उभी राहिली की आमगावच्या फलाटावर तासभर जाई. आमच्याकडे सूर्यास्तापूर्वी जेवण्याचा नियम आहे. नोव्हेंबर-डिसेंबरमध्ये येथे साडेपाचच्या सुमारास सूर्य मावळतो. म्हणजे बहुतेक दिवशी सूनबाईचे सायंकाळचे जेवण डब्यातले, तेही बसस्थानकाच्या बाकावर, किंवा मग नाहीच. सहा वर्षांचा नातू आईची वाट पाहत दाराशीच झोपी जाई.

गेल्या दिवाळीच्या सुट्टीत ती माझ्याजवळ येऊन बसली आणि शांतपणे म्हणाली, "बाबा, दुसऱ्या सत्रानंतर राजीनामा द्यावा असे मनात येते. तुम्ही काय म्हणता?"

एम. कॉम. झालेली, निवड होऊन कायम झालेली मुलगी केवळ पासष्ट किलोमीटरांमुळे नोकरी सोडते, हे मला पटेना. मी तिला एवढेच म्हणालो, "बेटा, आधी हिशेब मांडू. राजीनामा काय, एका कागदाचे काम आहे."

घरातील पहिली बैठक

चिरंजीव दुकान सांभाळतात. त्यांचे मत तयारच होते. घ्यायची तर नवी, उंच, मोठी गाडी घ्यावी, कर्ज सहज मिळेल. "बाबा, व्यापाऱ्याच्या घरची सून जुन्या गाडीतून रोज देवरीला गेली तर बाजारात काय दिसेल?" आमच्या सौभाग्यवतींचा प्रश्न निराळा होता : "गाडी कोणतीही घ्या, पण ट्रक धडकला तर आत बसलेल्या माणसाचे काय होईल ते मला सांगा."

मी एकतीस वर्षे बँकेत काढली. त्यांतील बराच काळ कर्ज विभागात होतो. वाहनकर्जाचे प्रस्ताव शेकड्यांनी पाहिले. एक गोष्ट तेव्हाच लक्षात आली होती. ग्राहक गाडीची किंमत विचारतो, हप्ता विचारतो आणि शेवटी ॲव्हरेज विचारतो. गाडी चालवायला दर किलोमीटरला एकूण किती खर्च येईल, हे क्वचितच कोणी विचारतो. दुकानात आपण पोत्यामागे वाहतूक, हमाली, तूट, व्याज सगळे धरून पडता काढतो. गाडीच्या बाबतीत मात्र पडता काढायचे विसरतो.

म्हणून मी वही घेतली. वर्षाला सुमारे दोनशे तीस कामाचे दिवस, म्हणजे तीस हजार किलोमीटर. पेट्रोल लिटरला १०५ रुपये आणि डिझेल ९२ रुपये धरले. पाच वर्षे गाडी ठेवून मग विकायची असे मानले. घट, इंधन, टायर, सर्व्हिसिंग, विमा आणि दुरुस्तीची तरतूद असे सहा रकाने केले. माझे आकडे अंदाजाचे आहेत. वाचकांनी आपल्या गावचे दर घालून ते बदलावेत, रकाने मात्र तेच ठेवावेत.

चिरंजीवांची बारा लाखांची नवी मोठी पेट्रोल गाडी लिटरला १३ किलोमीटर देईल असे धरले. इंधन वर्षाला २,४२,३००, घट १,३०,०००, विमा, टायर व बाकी मिळून ७२,०००. एकूण ४,४४,३००. म्हणजे किलोमीटरला जवळजवळ १४ रुपये ८० पैसे, आणि यात कर्जाचे व्याज धरलेलेच नाही. साडेसहा लाखांची नवी छोटी पेट्रोल गाडी १९ चे ॲव्हरेज धरून वर्षाला ३,०४,८००, म्हणजे किलोमीटरला सव्वादहाच्या आत. पाच वर्षे वापरलेली तशीच छोटी गाडी ३ लाख ६० हजारांना मिळाली तर इंधन १,६५,८००, घट ४८,०००, टायर १२,०००, सर्व्हिसिंग १८,०००, विमा १०,०००, दुरुस्ती १५,०००, एकूण २,६८,८००. किलोमीटरला नऊ रुपयांच्या थोडे आत.

वही पाहून चिरंजीव गप्प झाले. मोठ्या गाडीतील आणि जुन्या छोट्या गाडीतील फरक वर्षाला पावणेदोन लाखांचा होता. बाजारात काय दिसेल या प्रश्नाची ही वार्षिक किंमत होती.

चार गाड्या

जुन्या मोटारींचा बाजार हा अर्थशास्त्रातीलही एक प्रसिद्ध विषय आहे. अमेरिकन अर्थतज्ज्ञ जॉर्ज अकरलॉफ यांनी १९७० मध्ये याच बाजारावर एक निबंध लिहिला आणि २००१ मध्ये त्यांना अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे : गाडीतील दोष विकणाऱ्याला माहीत असतो, घेणाऱ्याला नसतो. त्यामुळे घेणारा प्रत्येक गाडीला संशयाने कमी भाव देतो. कमी भाव मिळतो म्हणून चांगल्या गाडीचा मालक बाजारात येत नाही आणि बाजारात खराब गाड्याच उरत जातात. व्यापारी घराण्यांना यात नवे काही वाटणार नाही. पत नसलेल्या पेढीच्या मालाला भाव मिळत नाही, हे आपल्या आजोबांनाही ठाऊक होते. यावर उपायही जुनाच आहे. माल नीट पारखावा आणि मालक कोण ते पाहावे.

आम्ही तीन आठवड्यांत चार गाड्या पाहिल्या.

पहिली, ओळखीतल्या एका गृहस्थांची अकरा वर्षांची डिझेल सेदान. तीन लाखांत मिळत होती आणि लिटरला २१ किलोमीटर हमखास. इंधनात वर्षाला ३४,००० रुपये वाचत होते. पण माझ्या वहीत सर्व्हिसिंगचा रकाना २७,००० आणि दुरुस्तीचा ४०,००० झाला. क्लच, इंजेक्टर आणि टर्बो यांचे आयुष्य त्या वयात संपत आलेले असते. बेरीज २,६९,४०० आली, म्हणजे पेट्रोलच्या छोट्या गाडीइतकीच. शिवाय खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते. पुढील नूतनीकरण पाच-पाच वर्षांचे, तपासणी आणि पर्यावरण कर भरून. आमच्या पाच वर्षांतच ती वेळ येणार होती. रोज एकशे तीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाने डिझेलच घ्यावे, ही समजूत नव्या गाडीच्या बाबतीत एके काळी खरी होती. अकरा वर्षांच्या गाडीला ती लागू पडत नाही.

दुसरी, सीजी-०८ क्रमांकाची, चार वर्षांची, दिसायला चकचकीत. भाव बाजारापेक्षा साठ हजारांनी कमी. येथे सीमाभागातील वाचकांनी सावध राहावे. दुसऱ्या राज्यातील गाडी बारा महिन्यांहून अधिक काळ येथे ठेवायची असेल तर मोटार वाहन कायद्याच्या कलम ४७ प्रमाणे महाराष्ट्रात नवा क्रमांक घ्यावा लागतो. त्यासाठी मूळ कार्यालयाचा ना-हरकत दाखला म्हणजे फॉर्म २८ लागतो आणि येथील कर भरावा लागतो. जुन्या राज्यातील कराचा परतावा मिळवणे हे वेगळे काम. साठ हजारांचा फायदा तेथेच आटतो. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, माझ्या मेकॅनिकने मागच्या आसनाचा सीट-बेल्ट पूर्ण बाहेर ओढला, तर पट्ट्याच्या शेवटच्या वीतभर भागावर वाळलेल्या गाळाची रेषा. पुरात बुडालेली गाडी धुऊन-पुसून नवी दिसते, पण सीट-बेल्टच्या गुंडाळीत आणि डिकीतील स्टेपनीखाली गाळ राहतो. ऑगस्ट २०२० च्या अखेरीस वैनगंगेच्या पुराने आमचा भाग बुडाला होता, सप्टेंबर २०२३ मध्ये नागपुरात एका रात्रीत वस्त्या पाण्याखाली गेल्या. पूर ओसरतो, पण त्यात बुडालेल्या गाड्या कुठे तरी विकल्या जातातच. आम्ही नमस्कार करून निघालो.

तिसरी, नागपुरातील मारुती वॅगन-आर, २०२० सालची. चवथी, तिरोड्याच्या एका निवृत्त शिक्षकांची टाटा टियागो, तीही २०२० ची, एमएच-३५ क्रमांकाची, ४१,००० किलोमीटर चाललेली. दोन्ही पेट्रोल, दोन्ही बीएस-६. वर्ष २०२० च का, याला कारण होते. एप्रिल २०१९ पासून प्रत्येक नव्या मोटारीत एबीएस ब्रेक आणि १ जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, सीट-बेल्टची सूचना व वेगाची सूचना सक्तीची झाली. १ एप्रिल २०२० पासून बीएस-६ आले. त्याआधीची गाडी स्वस्त मिळते, पण त्या स्वस्ताईत काय वगळले आहे ते पाहावे.

या दोन गाड्यांत निवड करताना घरात दुसरी बैठक झाली. वॅगन-आर लिटरला एखादा किलोमीटर जास्त देणार, सुटे भाग प्रत्येक गावात मिळणार आणि पुढे विकायलाही सोपी. पण ग्लोबल एनकॅप या संस्थेच्या धडक-चाचणीत २०१९ मध्ये वॅगन-आरला प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षिततेसाठी पाचपैकी दोन तारे मिळाले होते, तर जानेवारी २०२० मध्ये टियागोला चार. मी हिशेब केला. १९ ऐवजी १८ चे ॲव्हरेज धरले तर तीस हजार किलोमीटरला सुमारे ८८ लिटर पेट्रोल जास्त, म्हणजे ९,२०० रुपये.

सौभाग्यवती म्हणाल्या, "वर्षाचे नऊ हजार ना? घरचा किराणा मी बघते. तेवढे मी वाचवून दाखवते." दुसरी बैठक एवढ्यावर संपली.

परीक्षा रस्त्यावरच

गाडी गल्लीत दोन फेऱ्या मारून पसंत करू नये. ज्या रस्त्यावर ती चालणार त्याच रस्त्यावर, त्याच वेळी चालवावी. शिक्षक महोदयांनी विश्वासाने एक दिवस गाडी दिली. सकाळी सहाला, इंजिन थंड असतानाच, मी बॉनेटवर हात ठेवून पाहिला. विकणाऱ्याने आधीच इंजिन गरम करून ठेवले असेल तर थंडीतील खोड समजत नाही. चावी फिरवताच ती सुरू झाली. मागे निळा धूर नाही, म्हणजे ऑइल जळत नाही. टायरच्या बाजूवर चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे आणि शेवटचे दोन वर्षाचे. चारही टायर २०२३ चे निघाले. ४१,००० किलोमीटर चाललेल्या गाडीला एकदा टायर बदललेले असणे जुळते. पंधरा हजार चाललेल्या गाडीचे टायर बदललेले दिसले तर मीटरवर शंका घ्यावी. सर्व्हिस बुकातील प्रत्येक नोंदीचे किलोमीटर चढत्या क्रमाने होते. चेसिस क्रमांक आरसीशी अंकान् अंक पडताळला. फ्रिजवरचा छोटा चुंबक रुमालात गुंडाळून दारांवर फिरवला. जेथे पत्र्याऐवजी पुट्टी असते तेथे तो चिकटत नाही. डाव्या मागच्या दाराजवळ तो घसरला. शिक्षकांनी आपण होऊन सांगितले, "फाटकाच्या खांबाला माझ्याच हातून घासली." जो लहान दोष सांगतो त्याच्या मोठ्या गोष्टींवर विश्वास ठेवायला हरकत नसते.

पेट्रोलची टाकी काठोकाठ भरून आम्ही निघालो. सूनबाई चालवत होती, मी शेजारी.

ज्यांनी हा रस्ता पाहिला नाही त्यांच्यासाठी सांगतो. गोंदियाबाहेर पडले की राईस मिलांची उंच धुराडी आणि कोंड्याचा वास काही अंतर सोबत करतात. मग दोन्ही बाजूंना धानाच्या बांध्या. जुलै-ऑगस्टमध्ये रोवणीच्या वेळी येथे आकाशच जमिनीवर उतरलेले असते. आम्ही निघालो तेव्हा नोव्हेंबर होता, धान कापून पडले होते आणि बांध्यांवर धुके होते. मधूनमधून बोड्या आणि जुने मालगुजारी तलाव. कोहळी समाजाने बांधलेल्या या तलावांवर आमच्या भागातील शेती आजही उभी आहे. आमगाव सोडल्यावर वस्ती विरळ होते, साग आणि पळस जवळ येतात. हा रस्ता आता राष्ट्रीय महामार्ग ५४३ चा भाग आहे आणि देवरीला तो मुंबई-कोलकाता दिशेच्या महामार्ग ५३ ला मिळतो. तेथे रायपूरकडील ट्रकांची रांग लागलेली असते.

दिसायला सुंदर असलेल्या या रस्त्यावर धोका कोठे आहे, ते चालवताना कळते. कापणीच्या दिवसांत धान भरलेल्या ट्रॉल्या, ज्यांना मागे दिवा नसतो. सायंकाळी गोठ्याकडे परतणारी गुरे. जंगलाच्या पट्ट्यात अचानक आडवी येणारी रानडुकरे. सूनबाईने काटा साठ-पासष्टच्या वर नेलाच नाही. मी म्हणालो, "रस्ता मोकळा आहे, सत्तर-ऐंशी जाऊ शकते." ती म्हणाली, "बाबा, वासरू आडवे आले तर थांबता आले पाहिजे. पाच-सात मिनिटांनी काय फरक पडतो?" घरी परतून मी पुन्हा टाकी काठोकाठ भरली. १३१ किलोमीटरला ७.१ लिटर लागले, म्हणजे साडेअठराच्या जवळ. जिवाला जपणारा वेग आणि पेट्रोल वाचवणारा वेग एकच निघाला.

एक गोष्ट पेट्रोलविषयीही. आता पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. दहा टक्के मिश्रणासाठी जुळवलेल्या मोटारींत ॲव्हरेज सहा-सात टक्क्यांनी घटू शकते, असा अंदाज नीती आयोगाच्या २०२१ च्या अहवालातच होता. म्हणून कंपनीच्या जाहिरातीतील आकडा किंवा आधीच्या मालकाचा चार वर्षांपूर्वीचा अनुभव वहीत मांडू नये. टाकी भरून स्वतः मोजावे.

आमगावचा चहा

परतताना आमगावला चहासाठी थांबलो. शेजारीच एक मोटार उभी होती. त्यातून उतरलेल्या बाईंनी सूनबाईला ओळखले. त्या देवरीच्याच एका शाळेत शिकवतात आणि गोंदियात आमच्या घरापासून दोन गल्ल्या पलीकडे राहतात. तीन वर्षांपासून रोज एकट्या, स्वतःची गाडी चालवत जातात. आमच्या सूनबाईच्या आधी वीस मिनिटे त्या निघतात. दोन वर्षे एकाच रस्त्यावर दोघी जणी जात होत्या, एक बसमध्ये उभी राहून आणि दुसरी चार रिकाम्या आसनांसह.

त्या चहावर जे ठरले त्याने माझ्या वहीतील सगळे आकडे बदलले. एक आठवडा त्यांची गाडी, एक आठवडा आमची. कोणी कोणाला पैसे द्यायचे नाहीत. हे मी मुद्दाम सुचवले, कारण खासगी क्रमांकाच्या गाडीत भाडे घेऊन प्रवासी नेणे नियमात बसत नाही आणि अपघात झाल्यास विम्याचा वाद उभा राहतो. आळीपाळीने गाडी काढण्यात तो प्रश्न येत नाही. आता आमची गाडी वर्षाला तीस नव्हे, पंधरा हजार किलोमीटर चालणार. नव्याने बेरीज केली : इंधन ८७,५००, घट ४०,०००, टायर ६,०००, सर्व्हिसिंग ९,०००, विमा १०,०००, दुरुस्ती ७,५००. एकूण १,६०,०००. एकटीने जाण्याच्या तुलनेत वर्षाला एक लाखाहून अधिक बचत. डिझेल की पेट्रोल, नवी की जुनी, या सगळ्या घोळात आम्हाला जेवढे वाचवता आले नसते तेवढे शेजारचे आसन भरल्याने वाचले.

माझी चूक

आता जे लिहितो ते लिहिण्यासाठीच खरे तर हा लेख हाती घेतला.

बऱ्याच वर्षांपूर्वी, विदर्भातीलच दुसऱ्या एका शाखेत असताना मी माझी जुनी मोटार ओळखीच्या एका गृहस्थांना विकली. पैसे घेतले, फॉर्म २९ आणि फॉर्म ३० वर कोऱ्या सह्या करून दिल्या आणि म्हणालो, "सवडीने नावावर करून घ्या." लोकांना कागद नीट करा म्हणून रोज सांगणारा मी, स्वतःचा कागद मात्र भिडेखातर कोरा ठेवला. त्यांनी गाडी नावावर न करता पुढे विकली. अडीच वर्षांनी माझ्या घरी मोटार अपघात दावा न्यायाधिकरणाची नोटीस आली. एक सायकलस्वार जखमी झाला होता आणि सरकारी दप्तरात गाडीचा मालक मीच होतो. शेवटच्या मालकाने विमा चालू ठेवला होता म्हणून भरपाई विमा कंपनीने दिली आणि मी वाचलो. पण तीन वर्षे तारखांना गेलो. त्या सायकलस्वाराच्या पत्नीने न्यायालयाच्या व्हरांड्यात मला "मालक तुम्हीच ना?" असे विचारले होते. काय उत्तर द्यावे ते मला सुचले नव्हते.

पुढे २०१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने याच मुद्द्यावर निर्णय दिला : नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच कायद्याच्या दृष्टीने मालक, गाडी विकली पण नाव बदलले नाही, तर भरपाईची जबाबदारी त्याच्यावर राहते. मधल्या काळात गाडी कितीही हातांतून गेली तरी.

म्हणून तिरोड्याचे शिक्षक जेव्हा सौजन्याने म्हणाले, "मी सह्या करून देतो, बाकीचे तुम्ही सवडीने करा," तेव्हा मी हात जोडले. "सर, हे तुमच्याच भल्यासाठी आज करू," म्हणून त्यांना ही हकीकत सांगितली. कायद्याप्रमाणे राज्यातल्या राज्यात विकणाऱ्याने चौदा दिवसांत आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत हस्तांतरणाची सूचना द्यायची असते. आम्ही त्याच आठवड्यात अर्ज केला. आधी परिवहन खात्याच्या ॲपवर तीन गोष्टी पाहिल्या : मालक कितवा, गाडीवर बँकेचा बोजा आहे का, आणि थकीत चलन किती. त्यांचे कर्ज फिटले होते, पण आरसीवर बोजा तसाच होता. बँकेचा दाखला आणि फॉर्म ३५ देऊन तो आधी उतरवून घेतला. हप्ते फिटले म्हणजे बोजा आपोआप उतरला असे बरेच लोक समजतात. माझ्या नोकरीत मी हे कितीदा पाहिले याची गणती नाही.

विम्याचेही तसेच. गाडीबरोबर विमा येतो हे तृतीय पक्षाच्या नुकसानापुरते खरे आहे. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीची भरपाई हवी तर पॉलिसी नव्या नावावर करून घ्यावी लागते, त्यासाठी चौदा दिवसांत विमा कंपनीकडे अर्ज करावा. आधीच्या मालकाची नो-क्लेम सवलत त्याच्याकडेच राहते, कारण ती माणसाची असते, गाडीची नसते.

रक्कम बँकेतून दिली. दोन लाख किंवा त्याहून अधिक रोख एका व्यवहारात स्वीकारता येत नाही, हे व्यापारी वाचकांना सांगायला नको. तरी गाडीच्या व्यवहारात अजूनही पिशव्या दिल्या-घेतल्या जातात, म्हणून आठवण दिली. आणखी दोन गोष्टी. २२ सप्टेंबर २०२५ पासून छोट्या नव्या मोटारींवरील जीएसटी १८ टक्के झाला आहे. नवी गाडी स्वस्त झाली की जुनीचा भाव उतरायला हवा, हे विक्रेत्याला नम्रपणे सांगावे. आम्हाला त्यामुळे पंधरा हजारांची सूट मिळून ३ लाख ६० हजारांत व्यवहार झाला. दुसरे, आपल्या पेढीच्या नावावरील गाडी विकताना, घसारा घेतलेला असेल तर घसारा-वजा मूल्यापेक्षा जेवढी जास्त किंमत येईल तेवढ्याच फरकावर १८ टक्के जीएसटी लागतो. किंमत मूल्यापेक्षा कमी आली तर लागत नाही. आपल्या कर सल्लागारांना विचारूनच बिल करावे.

चार महिन्यांनंतर

हे लिहितो आहे तेव्हा मार्च लागला आहे. देवरीच्या रस्त्यावर पळस फुलला आहे आणि मोहाखाली पहाटे टोपल्या घेतलेल्या बाया दिसतात, असे सूनबाई सांगते. बसमध्ये उभी असताना तिला हे दिसले नव्हते. गाडी पावणेसहा हजार किलोमीटर चालली. ॲव्हरेज १८.३. एक ब्रेक-पॅड बदलावा लागला. वही डॅशबोर्डच्या कप्प्यात असते आणि प्रत्येक वेळी पेट्रोल भरताना तारीख, किलोमीटर व लिटर यांची नोंद होते. ॲव्हरेज अचानक सोळावर आले तर टायरची हवा किंवा इंजिन काही सांगते आहे, असे समजायचे.

डिसेंबरात सूर्यास्ताआधी घरी पोहोचणे गाडीनेही जमले नाही. साडेचारला सुटून पासष्ट किलोमीटर यायचे तर सहा वाजतातच. पण आता दोघी जणी निघण्यापूर्वी शाळेच्या खोलीत बसून डबा खातात, आणि नातवाला झोपण्याआधी आई भेटते. उन्हाळ्यात तर घरच्या पाटावर जेवण होते.

राजीनाम्याचा विषय पुन्हा निघाला नाही. गेल्या आठवड्यात सूनबाईने स्वतः सांगितले की आमगावच्या आणखी एक बाई वाटेत चढणार आहेत, त्यांचीही गाडी आहे. मग तिसऱ्या आठवड्याची पाळी त्यांची. चिरंजीव वही उघडून बसले होते. मी विचारले, "काय शोधता?" ते म्हणाले, "बाबा, दुकानाच्या टेम्पोचा पडता काढतो आहे. आजवर कधी काढलाच नव्हता."